रत्नबाहूचा उजवा हात

डोंबिवली,
ता. १६ जून १९५३

प्रिय सुधीर,

लग्न झालेल्या मित्राला पत्र कसं सुरू करावं हे मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा जुनंच चालवतो.

परवाच्या रविवारी मी तुझी वाट पाहिली. त्याच्या आदल्या रविवारीही पाहिली. आईने तुझ्यासाठी पोह्यांवर ओलं खोबरं पेरून ठेवलं होतं, ते दोन्ही वेळा आम्ही मायलेकांनीच संपवलं. 'चांदणवेल'चा जूनचा अंक निघाल्या दिवशीच स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणला होता आणि आपल्या नियमाप्रमाणे न उघडता फडताळात ठेवला होता. नियम आठवतो ना? 'सप्तकवाडांचा किल्ला' एकट्याने वाचायचा नाही. तू मोठ्याने वाचायचंस, मी ऐकायचं, 'क्रमशः' आलं की अंक मिटायचा आणि पुढे काय होणार यावर महिनाभर भांडायचं. कल्याणच्या कचेरीत एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून तीन वर्षं आपण रेल्वेच्या कामापेक्षा हेच काम जास्त मन लावून केलं. मग तुला बढती मिळाली, ठाण्याला बदली झाली, वैशाखात लग्न झालं. सगळं छान झालं. पण ठाणं म्हणजे काही रंगून नव्हे. रविवारी सकाळी निघालास तर पोहे गरम असताना पोचशील.

तू आला नाहीस, तुझं कार्ड आलं. त्यात नव्या जागेच्या पाण्याची तक्रार, मग ही ओळ: "जूनचा अंक घरी आला आहे. सरोज म्हणते, रत्नबाहू मेलेला नाही." मग नमस्कार.

सरोज म्हणते. बरं. तू काय म्हणतोस? आजवर तुझं म्हणणं मांडायला तुला दुसऱ्या माणसाची गरज कधी पडली नव्हती. उलट तुझं म्हणणं थांबवायला हेडक्लार्कना उठून यावं लागायचं.

कार्ड वाचलं आणि मी फडताळातला अंक काढून एकट्याने वाचला. नियम तू मोडलास, मी नाही. वाचताना मजा आली नाही हेही सांगून ठेवतो. विषकंठ राक्षसाचं बोलणं तू घसा खरवडून वाचतोस तेव्हा आई स्वयंपाकघरातून दार लोटून घेते. मी मनातल्या मनात वाचलं तर तोच राक्षस आपल्या हेडक्लार्कसारखा बोलायला लागला.

संसाराच्या गडबडीत तू विसरला असशील म्हणून गोष्ट कुठे आली आहे ते सांगतो. तरंगिणीच्या आंधळ्या बापासाठी किल्ल्याच्या सातव्या कवाडामागची वेल आणायची आहे. ती आणि रत्नबाहू दोघं मिळून निघाली आहेत. दुसऱ्या कवाडापाशी लोखंडी वाघाने रत्नबाहूचा डावा हात तोडून नेला. आता चौथ्या कवाडापाशी दर्पणसरोवर लागलं, त्यात तो पडला आणि वरून पाणी मिटलं. क्रमशः. माझं म्हणणं स्पष्ट आहे, रत्नबाहू मेला. पुढची कवाडं तरंगिणी एकटी ओलांडणार. वहिनींना माझं मत कळव. आणि जुलैचा अंक मी उघडणार नाही, या भरवशावर की तू येशील.

तुझा,
श्रीपाद


डोंबिवली,
ता. २१ जुलै १९५३

प्रिय सुधीर,

आला नाहीस. मीही आता पोह्यांना खोबरं घालू नको म्हणून आईला सांगितलं आहे.

रत्नबाहू जिवंत निघाला. वहिनींचं बरोबर, माझं चूक. माणूस पाण्यात पडला की एक तर बुडतो, नाही तर वर येतो. दोहोंतलं एक सांगायला फार मोठी बुद्धी लागते असं मला वाटत नाही. तरी अभिनंदन कळव.

पण आता जे ऐकतो आहे ते मात्र फार झालं. परवा रविवारी मारुतीच्या दुकानात दाढीला बसलो होतो. तू गेल्यापासून मारुती गिऱ्हाइकांसाठी 'चांदणवेल' विकत घेतो आणि रविवारी आपल्या आळीतला आनंद तिथे सगळ्यांना हप्ता वाचून दाखवतो. बरा वाचतो, पण राक्षस आणि राजकन्या एकाच आवाजात. तर आनंद सध्या ठाण्याला कामाला जातो आणि तुमच्याकडे चहाला थांबतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तू मला कळवलं नव्हतंस. त्याने अंक उघडून चित्राचं पान सगळ्यांपुढे धरलं. रत्नबाहू सरोवरातून वर येतो आहे, मागे तरंगिणी, लांबवर किल्ला, ते चित्र.

"हात बघा," आनंद म्हणाला.

मारुतीने माझ्या गालावरचा वस्तरा उचलला आणि वाकून बघितलं. "च्यायला. ह्याचा डावा हात तुटलेला ना? हितं उजवा तुटलाय. तलवार डाव्या हातात हाय."

"सरोजवहिनींनी पकडलं ते," आनंद म्हणाला. "त्या म्हणतात, वर आलाय तो रत्नबाहू नाहीच. ते त्याचं सरोवरातलं प्रतिबिंब आहे. खरा अजून तळाशीच आहे, आणि तरंगिणीला पत्ता नाही."

 मग बाकावर बसलेला विठ्ठल, तोच तो स्टेशनासमोरचा केळीवाला, म्हणाला, "बाईचं डोकं हाय का काय." आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. प्रतिबिंबाला सावली पडेल का, ते जेवेल का, तरंगिणीला कसं कळणार. मी अर्ध्या दाढीचा तसाच बसून. माझं मत कुणी विचारलं नाही. तीन वर्षं या गावात रत्नबाहूचं पुढे काय होणार हे विचारायला लोक तुझ्या-माझ्याकडे यायचे. आता म्हणतात, ठाण्याच्या वहिनींना विचारा.

मला चित्रातला हात दिसला नव्हता असं नाही. दिसला असता. तू मोठ्याने वाचत असलास की मी चित्र बघत बसतो, मला सगळं दिसतं. या वेळी वाचायचंही मलाच आणि बघायचंही मलाच, म्हणून राहिलं.

घरी आलो तर आई म्हणाली, "कुणाशी भांडून आलास?" मी सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिचं नाव काढलं की सवतीचं काढल्यासारखा चेहरा करतोस रे. तिने काय तुझा संसार मोडला?" बायकांना यातलं काही कळत नाही.

एक विचारतो, सरळ उत्तर दे. तू स्वतः ते चित्र बघितलंस का? तुला काय वाटलं? सरोजला काय वाटलं ते आता अख्ख्या डोंबिवलीला माहीत आहे.

श्रीपाद


डोंबिवली,
ता. २५ ऑगस्ट १९५३

प्रिय सुधीर,

प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. "सरोज हसली आणि म्हणाली, भावजींना म्हणावं थोडं थांबा," एवढंच लिहिलंस. तिने हसावं असं मी काय लिहिलं होतं कुणास ठाऊक. आणि माझं पत्र तू तिला वाचायला देतोस हेही त्यावरून कळलं.

आता हसण्याची पाळी माझी आहे. जुलैचं ते चित्र मी वडिलांचं जुनं भिंग घेऊन पाहिलं. लांबवर किल्ला आहे, किल्ल्यावर निशाण आहे, निशाणावर नखाएवढं 'श्री' आहे. ते 'श्री' उलटं आहे, रे. आरशात दिसावं तसं. किल्ला काही सरोवरात पडला नव्हता. म्हणजे छापखान्यात चित्राचा ठसा उलटा बनला, आणि त्यामुळे सगळं चित्रच डावीकडचं उजवीकडे झालं. रत्नबाहूचा हात जिथे होता तिथेच आहे. प्रतिबिंब नाही, तळाशी कुणी नाही, काही नाही. एका कारागिराच्या चुकीवर तुझ्या घरी एवढा मोठा महाल उभा राहिला.

हे मी मारुतीच्या दुकानात भिंगासकट सिद्ध करून दाखवलं. सगळ्यांनी पाळीपाळीने 'श्री' पाहिलं, माना डोलावल्या. मग मारुती म्हणाला, "ठसा उलटा असंल सायेब. पण वहिनींचं ऐकायला बरं वाटतं." पुढच्या मिनिटाला ते परत प्रतिबिंबावर. अशा माणसांपुढे काय बोलायचं.

म्हणून मी वर दाद मागितली आहे. 'चांदणवेल'च्या संपादकांना पत्र लिहिलं. वहिनींचा सगळा तर्क पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट मांडला, म्हणजे त्यातला पोरकटपणा त्यांच्या लक्षात यावा. नाव दिलं नाही, "ठाण्याच्या एक वाचक भगिनी" एवढंच लिहिलं, मी काही अगदीच हा नाही. मग निशाणावरच्या उलट्या 'श्री'चा पुरावा दिला. आणि थोडी थट्टाही केली. लिहिलं की, "हा रत्नबाहू जर प्रतिबिंब असेल, तर त्याचं काळीजही उजवीकडे धडधडत असेल काय? तरंगिणीने कान लावून पाहावं." वाक्य जमलं आहे. भोळ्या वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून पुढच्या अंकात चूक कबूल करावी, अशी विनंती केली आहे.

खरं सांगतो, ते वाक्य लिहिलं तेव्हा पहिल्यांदा तुला वाचून दाखवावंसं वाटलं. तू मांडीवर थाप मारली असतीस. कचेरीत तुझ्या जागेवर आता सहदेव म्हणून एक गृहस्थ आले आहेत. सज्जन आहेत. ते फक्त टपालाची तिकिटं जमवतात आणि त्याबद्दलही बोलत नाहीत.

चूक कबूल झाली की अंक वहिनींपुढे ठेव. मी तेव्हा तिथे असायला हवा होतो, पण ठाण्याला पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू आधी इथे यायचंस.

श्रीपाद


डोंबिवली,
ता. १० नोव्हेंबर १९५३

सुधीर,

दिवाळी अंक वाचला असशीलच. नसलास तर 'सरोज म्हणते' काय ते ऐकलं असशील.

सप्टेंबरात चूक कबूल झाली नाही. ऑक्टोबरात नाही. मला वाटलं संपादक लाजले. दिवाळीचा अंक उघडला आणि एकच पान मी तीनदा वाचलं. सहाव्या कवाडापाशी रत्नबाहू भिंतीवर तलवारीने 'श्री' कोरतो आणि ते उलटं उमटतं. तरंगिणी दचकते. तो झोपल्यावर ती त्याच्या छातीला कान लावते, तर काळीज उजवीकडे धडधडतंय. म्हणजे चौथ्या कवाडापासून आपल्याबरोबर आहे तो रत्नबाहू नव्हे, त्याचं प्रतिबिंब आहे, आणि खरा सरोवराच्या तळाशी निजला आहे. क्रमशः.

माझं वाक्य आहे ते, सुधीर. माझं. मी थट्टेने लिहिलेलं. उलटं 'श्री' माझं, काळीज माझं, कान लावणं माझं. लेखकमहाशयांना स्वतःला काही सुचत नव्हतं, माझं पत्र त्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं उचललं. मी पत्र लिहिलं नसतं तर वहिनींचा तर्क ठाण्याच्या त्या चाळीतच राहिला असता. ती बरोबर ठरली ती माझ्यामुळे, आणि हे जगात कुणाला ठाऊक नाही, तुझ्याशिवाय. तू तरी कुठे ऐकतोयस म्हणा.

मारुतीच्या दुकानात फटाके वाजले. खोटं सांगत नाही, विठ्ठलने लवंगी माळ लावली. मारुती म्हणाला, "लिवणाऱ्याच्या आधी वहिनींना कळलं. ह्या बाईचा मान झाला पायजे." मग वर्गणी काढून नारळ घेतला. खण मारुतीच्या बायकोने, कलावतीने आणला, हिरवा. आणि पाठवायचा कुणाबरोबर यावर चर्चा न होताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सुधीरभाऊंचे जानी दोस्त." मी म्हटलं आनंद रोज जातो, त्याच्याबरोबर द्या. कलावती म्हणाली, "पोरासोरांच्या हातनं मान पाठवतात व्हय?"

आईलाही मी मध्ये घालून पाहिलं. ती म्हणाली, "मी हळदीकुंकवाची पुडी बांधून देते. तू जा. आणि तोंड सरळ ठेव."

तो नारळ आता माझ्या टेबलावर आहे. महिनाभर कामाचं निमित्त सांगून मी वेळ काढणार आहे, पण शेवटी यावं लागेल असं दिसतं. ज्या बाईने माझा मित्र नेला, माझी गावातली जागा नेली, आणि आता माझं वाक्यही नेलं, तिला मी माझ्या हाताने खण-नारळ द्यायचा. येईन त्या रविवारी निदान तू घरी राहा. आधी कार्ड टाकीन.

श्रीपाद


डोंबिवली,
ता. ७ डिसेंबर १९५३

प्रिय सुधीर,

कार्ड टाकलं होतं. तरी काल तू घरी नव्हतास. वहिनी म्हणाल्या, रविवारी दुपारी क्लबात पत्ते असतात, संध्याकाळी येतील. मी दारातूनच नारळ देऊन परतणार होतो, पण त्यांनी गॅलरीत सतरंजी घातली, शेजारच्या सुमतीकाकूंना हाक मारून आईच्या पुडीतलं हळदकुंकू त्यांच्या हातून लावून घेतलं, काकूंच्याच हातून खण-नारळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "भावजी, तुमच्यावर रागावण्यासारखं मी काय केलं?"

मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "मग पत्रांत का रागावता? तुमची सगळी पत्रं मीच वाचते. ह्यांना वाचून दाखवायला गेले तर म्हणतात, तूच सांग काय ते उत्तर, मी लिहून टाकतो."

तेव्हा मला उमगलं. जूनपासून तू एकही अंक उघडलेला नाहीस. 'सरोज म्हणते' असं तू लिहीत होतास, कारण तुझं स्वतःचं काही म्हणणंच नव्हतं. मी तर समजत होतो, रविवारी तुम्ही दोघं बसता, तू वाचतोस, ती ऐकते, आणि माझी आठवणही निघत नाही. रोज रात्री अंगाची आग व्हायची त्याने. मी म्हटलं, "वाचतो छान नाही तो? तो विषकंठ?" त्या म्हणाल्या, "हे मोठ्याने वाचतात? मला ठाऊकच नाही. मला म्हणाले, हे पोरकट वाचन आहे, लग्नाआधी श्रीपादाच्या नादाने करत होतो."

मला आधी बरं वाटलं. लपवत नाही. तुझा तो आवाज तिने ऐकलेला नाही, तो अजून फक्त माझ्या घरातला आहे, या गोष्टीचा मला आनंद झाला. तो चहा येईपर्यंत टिकला. मग नाही टिकला. माझ्या नादाने, सुधीर?

उलट्या ठशाचं आणि संपादकांच्या पत्राचं त्यांनी माझ्या पत्रांत वाचलं होतंच, तरी मी सगळं तोंडाने परत सांगितलं. थट्टेच्या वाक्यासकट. वाटलं चिडतील. त्या इतक्या हसल्या की सुमतीकाकू परत बाहेर आल्या. मग आत जाऊन कोयत्याने नारळ फोडला आणि एक भकल माझ्यापुढे ठेवलं. "हात मी बघितला, निशाण तुम्ही बघितलंत. अर्धा मान तुमचा." हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी खोबरं खाल्लं.

त्यानंतर आम्ही भांडलो. काय भांडलो, विचारू नकोस. मी म्हटलं, शेवटच्या हप्त्यात खरा रत्नबाहू तळातून वर येणार आणि तरंगिणी त्याची होणार, कारण हक्क त्याचा. त्या म्हणाल्या, "हक्क कसला, भावजी? तो निजलाय खाली निवांत. पाचवं कवाड, सहावं कवाड तिच्याबरोबर चाललं कोण? ती प्रतिबिंबाबरोबर जाईल." मी म्हटलं, मग हात तुटला त्याचं काय? त्या म्हणाल्या, हात दोघांचाही तुटलाय. मी म्हटलं, हे बोलणं न्यायाला धरून नाही. गॅलरीत माणसं जमली. खालून एकाने विचारलं, काय झालं हो, जागेची भानगड आहे का. दिवस कसा मावळला कळलं नाही. सहा महिन्यांत एवढं बरं मला वाटलं नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे समोर तू नव्हतास.

दिवाळीचा जोडअंक असल्याने शेवटचा हप्ता आता जानेवारीत आहे. मी अंक घेऊन ठाण्याला येतो. नियम मोडतोस तर मोड, पण एवढा एक तू वाच. आम्ही दोघं ऐकू.

तुझा,
श्रीपाद


डोंबिवली,
ता. ४ जानेवारी १९५४

प्रिय सुधीर,

तुझं कार्ड मिळालं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यात 'सरोज म्हणते' नव्हतं, सगळं तूच म्हणत होतास. "मी घरी नसताना आलास आणि संध्याकाळपर्यंत बसलास ते बरं दिसलं नाही. चाळीत चार तोंडांनी माझ्या कानावर आलं की तुमचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं. सरोज इथे तशी कधी हसत नाही. यापुढे त्या गोष्टीबद्दल जे काही असेल ते मला लिहावं, तिला नाही."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणि असा? ज्याने तुझ्यासाठी सहा महिने मनस्ताप करून घेतला, त्याला हे? लगेच उत्तर लिहायला बसलो. खूप लिहिलं. मग तुझं कार्ड परत पुढे ओढलं, कुठल्या शब्दाला काय उत्तर द्यायचं ते बघायला, आणि मला तो सूर ओळखीचा वाटला. कुणाचं हसणं कुणी ऐकलं, कोण कुणाकडे किती वेळ बसलं, मला का नाही कळवलं. अरे, हे तर मी लिहितो. जूनपासून मी तुला हेच लिहीत होतो. मी लिहिलेलं फाडून टाकलं.

आई म्हणते, मी तिथे जाऊन बसायला नको होतं, तिच्या घराला बोल लागतो. बरोबर आहे तिचं. मी आता ठाण्याला येणार नाही. रागाने नाही. वहिनींना माझं पत्रही येणार नाही. त्या हसल्या त्यात माझं काही नव्हतं, एवढं मात्र तुला सांगतो. त्या गोष्टीवर बोलायला त्यांच्यासमोर लग्न झाल्यापासून कुणी बसलं नव्हतं, मी बसलो. तू बसला असतास तर त्या तुझ्यासमोर हसल्या असत्या, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना तक्रार करायला जागा राहिली नसती. तू म्हणतोस ती इथे तशी हसत नाही. ते मला कशाला लिहितोस?

जानेवारीचा अंक परवा आला. सोबत आनंदच्या हाती पाठवतो आहे. पानं चिकटलेली आहेत तशीच आहेत, मी उघडलेला नाही, शपथ घेऊन सांगतो. तुमच्याकडे तुमचा अंक असेल. पण तो वहिनी एकट्या वाचून टाकतील, तेव्हा आधी हा घे आणि तो त्यांच्यापासून लपव. रविवारी क्लब बुडव. गॅलरीत सतरंजी घाल आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. लाजू नकोस. विषकंठ बोलायला लागला की घसा खरवड, तू आत्तापर्यंत जे जे आवाज माझ्या घरात काढलेस ते सगळे काढ. तरंगिणीच्या वेळी आवाज बारीक करू नकोस, ते तुला कधीच जमलं नाही. चित्र आलं की थांब, अंक वहिनींकडे दे आणि त्यांना बघू दे. माझं चुकलं होतं ते तिथे. माझ्याकडे कुणीतरी वाचणारं होतं म्हणून मला चित्र बघता येत होतं, आणि त्यांनी एकटीने वाचूनही चित्रातला हात पाहिला.

हे लिहिताना मला काही फार मोठं मन झालं आहे असं समजू नकोस. अंक आनंदच्या हातात देताना मी दोनदा परत घेतला. तू वाचत असशील ती वेळ मला इथे बसून कळेल, आणि ती वेळ मला कठीण जाणार आहे.

रत्नबाहूचं शेवटी काय झालं ते मला लिहू नकोस. मी हप्ता वाचणार नाही आणि सगळ्यांचं बोलणं थंडावेपर्यंत मारुतीच्या दुकानातही जाणार नाही, दाढी वाढली तर वाढू दे. खरा वर आला असेल तर मला ते न सांगताही ठाऊक आहे. आणि ती प्रतिबिंबाबरोबर गेली असेल, तर मुळीच लिहू नकोस.

तुझा,
श्रीपाद